सगळ्यात वरचं काडतूस

कामाच्या निमित्ताने पिस्तूल बाळगणाऱ्या बहुतेकांचा दिनक्रम सारखाच असतो. सकाळी मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) चढवायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून सोडायची, की एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, जातं. संध्याकाळी मॅगझीन उतरवायची, स्लाइड ओढायची, की ते बाहेर पडतं. मग ते उचलून पुन्हा मॅगझीनमध्ये सगळ्यात वर दाबायचं. दुसऱ्या दिवशी तेच. गोम इथेच आहे. खालची काडतुसं महिनोन्‌महिने जागची हलत नाहीत आणि वरचं एकटं रोजची आदळआपट सोसत राहतं. आणि खरोखर वेळ आलीच, तर सगळ्यात आधी चालायला हवं ते हेच काडतूस.

मला हे समजावलं ते आमच्या आर्मररनी, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्यांनी. नेहमीच्या तपासणीसाठी पिस्तूल त्यांच्या टेबलावर होतं, रिकामं, स्लाइड उघडी. त्यांनी आधी मॅगझीन घेतली. वरचं काडतूस अंगठ्याने सरकवून काढलं, त्याच पेटीतलं एक कोरं काडतूस घेतलं आणि दोन्ही शेजारीशेजारी काचेवर उभी केली. ‘‘मॅडम, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि बघा.’’ मी वाकून पाहिलं. पितळी पुंगळ्या दोन्ही सारख्या. पण एकीवरची गोळी दुसरीपेक्षा किंचित खाली बसली होती. फरक केसाएवढा, पण एकदा दिसला की नजरेआड होईना. त्यांनी कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांचं मोजमापाचं साधन, लावला. कोरं काडतूस २८.९ मिलिमीटर भरलं, रोजच्या वापरातलं २८.५.

‘‘हे आता बाजूला,’’ ते म्हणाले, आणि एका वेगळ्या डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं. मी विचारलं, एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? त्याचं उत्तर त्यांनी जितक्या शांतपणे दिलं, तितक्याच गंभीरपणे मी ते आजवर पाळत आले आहे.

आधी हे होतं कसं ते सांगते. स्लाइड सुटते तेव्हा ती काडतुसाला मागून ढकलते. काडतूस पुढे सरकतं आणि त्याचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतरत्या रॅम्पवर आपटतं, तिथून वर वळून आत शिरतं. हा धक्का बसतो गोळीला, तिच्या नाकावर. मागून स्लाइडचा रेटा, पुढे रॅम्पची ठोकर, आणि या दोन्हींच्या मधे गोळीला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट एकच: पुंगळीच्या तोंडाची पकड. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत वळवून घट्ट करता येते. पिस्तुलाच्या ९ मिमी, .४० किंवा .४५ काडतुसात तसं करता येत नाही, कारण ही काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडाच्या कडेवरच टेकतात. ती कड आत वळवली तर काडतुसाला टेकायला जागाच उरणार नाही. म्हणून तिथे फक्त हलकासा निमुळता दाब दिलेला असतो. एका-दोन धक्क्यांना ही पकड सहज पुरते. पण तोच धक्का रोज बसत राहिला, तर पकड थोडीथोडी ढिली होते आणि गोळी मागे सरकते.

आता ०.४ मिमीचा हिशेब. मी तो नंतर वहीत मांडून पाहिला, कारण मला आकड्याशिवाय पटत नाही. ९ मिमी गोळीच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस मिमी. ती ०.४ मिमी आत गेली म्हणजे पुंगळीतली जवळपास २५ घन मिमी जागा गेली. गोळी बसवल्यानंतर आत दारूसाठी उरणारी जागा मुळात अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ५०० घन मिमी. त्यातला विसावा हिस्सा गेला. दारू तेवढीच, जागा कमी. पण दाब काही विसाव्या हिश्श्यानेच वाढून थांबत नाही. धूरविरहित दारूचा स्वभाव असा की दाब जितका जास्त, तितकी ती अधिक वेगाने जळते, आणि जितक्या वेगाने जळते, तितका दाब आणखी चढतो. जागा थोडी घटली तरी दाबाची उडी त्या मानाने मोठी असते. सामी या अमेरिकी मानक संस्थेने ९ मिमीसाठी ठरवलेला कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. कारखान्यातलं काडतूस त्या हद्दीच्या आत राहील अशा बेताने भरलेलं असतं, आणि तो सगळा बेत गोळी ठरलेल्या खोलीवर बसली आहे हे धरून आखलेला असतो. गोळी फारच आत गेली तर पुंगळी फाटून तप्त वायू मॅगझीनच्या वाटेने हातात उतरू शकतात. १९९० मध्ये आलेल्या .४० एस अँड डब्ल्यूची कमाल मर्यादाही ३५,००० पौंडच आहे, पण तिथे जड गोळी आखूड पुंगळीत बसवलेली असते. त्यामुळे गोळी आत सरकण्याच्या बाबतीत हे काडतूस जास्त नाजूक मानलं जातं. .४५ एसीपीचा दाब २१,००० पौंड, तिथे थोडी सवलत आहे, पण म्हणून तिथे निष्काळजीपणा चालतो असं नाही.

दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे: काडतूस चालतच नाही. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाची, आघाताने पेट घेऊन दारू पेटवणारी टोपी. तिच्या पेल्यात दाबून बसवलेल्या स्फोटक मिश्रणाचा थर असतो. पुन्हा पुन्हा धक्के बसले की तो थर सुटू शकतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०११ मध्ये ग्विनेट काउंटीच्या एका पोलीस अधिकाऱ्यावर हीच वेळ आली. घरात लहान मुलं म्हणून तो रोज पिस्तूल रिकामं करायचा आणि कामावर निघताना तीच दोन काडतुसं आळीपाळीने पुन्हा चेंबरमध्ये चढवायचा. जिवावरच्या प्रसंगात त्याने चाप ओढला आणि चेंबरमधलं काडतूस उडालं नाही. प्रशिक्षणामुळे त्याने अडलेलं काडतूस झटकन काढून टाकलं आणि तो वाचला. नंतरच्या तपासणीत वारंवार चेंबर केल्याने प्रायमरमधलं मिश्रण सुटल्याचं आढळलं. मला या घटनेत सगळ्यात लागलेली गोष्ट ही की तो माणूस बेफिकीर नव्हता. मुलांच्या काळजीपोटीच तो रोज शस्त्र रिकामं करत होता.

म्हणून माझ्या लेखी या सगळ्याचा मुख्य प्रश्न काडतूस किती जुनं आहे हा नाहीच. नीट ठेवलेलं काडतूस वर्षानुवर्षं चांगलं राहतं. त्याला म्हातारं करतात ते आपले हात. तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या. काडतुसाला होता होईल तेवढा कमी हात लावायचा, आणि लागेल तेव्हा त्याची नोंद ठेवायची.

नोंदीपासून सुरुवात केली. नवी पेटी उघडली की मी त्यातली मोजकी काडतुसं बाळगण्यासाठी वेगळी काढते आणि प्रत्येकाची लांबी मोजते. त्या वेळी टेबलावर पिस्तूल नसतं. कॅलिपर आधी बंद करून शून्य दाखवतो का ते पाहायचं. मग काडतुसाची बैठक एका जबड्याला सपाट टेकवायची आणि दुसरा जबडा हलक्या हाताने गोळीच्या टोकापर्यंत आणायचा. आवळायचा नाही. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, गोळीची वरची कड सगळीकडे सारखी नसते, म्हणून काडतूस थोडं फिरवून दोन-तीनदा वाचायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. ९ मिमीच्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी ठरलेली आहे, पण हा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. ती वरची हद्द आहे. गोळीच्या आकारानुसार प्रत्यक्ष लांबी त्याहून बरीच कमी असते, आणि एकाच पेटीतल्या दोन काडतुसांतही थोडा फरक निघतो. त्यामुळे काडतुसाची तुलना त्याच्या स्वतःच्या पहिल्या मापाशी करायची. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी हे आकडे ओळीने लिहून ठेवते.

खूण करायला बारीक टोकाचा मार्कर. काडतुसाच्या बैठकीवर, प्रायमर सोडून बाजूच्या पितळी कड्यावर, प्रत्येक वेळी चेंबरमध्ये गेलं की एक ठिपका. दोन ठिपके झाले की ते काडतूस बाळगण्याच्या कामातून निवृत्त. दोन हा आकडा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. आमचे आर्मरर एकदाच म्हणतात, आणि काही सहकारी जास्त वेळा चालवून घेतात. काडतुसाचा प्रकार, पिस्तुलाचा रॅम्प, स्प्रिंगचा जोर, यांवर बरंच अवलंबून असतं. ठिपक्यांशिवाय मापही बघते. पहिल्या मापापेक्षा पाव मिलिमीटर जरी कमी भरलं, तरी एकच ठिपका असला तरी ते बाद.

ठिपके करायला लागल्यावर लक्षात आलं की आपण विनाकारण किती वेळा पिस्तूल भरतो आणि रिकामं करतो. त्यावर उपाय सोपा निघाला. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर असेल, तर ते पिस्तुलासकट पट्ट्यावरून उतरवायचं आणि तसंच्या तसं झटकन उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत कुलूपबंद करायचं. दुसऱ्या दिवशी तसंच पट्ट्यावर चढवायचं. काडतूस चेंबरमध्ये जिथल्या तिथे. काडतुसाचा बचाव हा यातला एक भाग झाला. हाताळणी कमी झाली की चुकून गोळी सुटण्याच्या संधीही कमी होतात, आणि हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. अर्थात हे तिजोरीचं कुलूप पक्कं असेल आणि तिचा कोड घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल तरच. जिथे नियमच दर पाळीनंतर शस्त्र रिकामं करून जमा करायला सांगतो, तिथे हा मार्ग बंद आहे. तिथे फेरबदल हाच इलाज: वरचं काडतूस पुन्हा वर न ठेवता दुसरं चढवायचं, म्हणजे धक्के वेगवेगळ्या काडतुसांत विभागले जातात.

रिकामं करताना मात्र घाई नको. ही पायरी मी सगळ्यात सावकाश करते. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, आणि सुरक्षित म्हणजे गोळी सुटलीच तर ती अडेल अशा दिशेला, नुसतं माणसं नाहीत अशा दिशेला नव्हे. बोट चापाबाहेर, फ्रेमला लागून. पहिली मॅगझीन. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं गुपचूप चेंबरमध्ये जाऊन बसतं. बाहेर पडलेलं दिसल्यामुळे माणसाला वाटतं, झालं रिकामं. मॅगझीन काढून खिशात टाकल्यावर मगच स्लाइड मागे ओढायची, उघडी अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. मॅगझीनची पोकळीही बघायची.

आणि बाहेर पडणारं काडतूस झेलायचं नाही. हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं, कारण झेलणारे खूप दिसतात. काही जण हवेत पकडतात, तर काही जण स्लाइडवर पंजा पालथा घालून काडतूस तळहातातच उतरवतात. दुसरी पद्धत विशेष वाईट. तळहाताने वाट अडली की काडतूस पूर्ण बाहेर न पडता तिरकं होतं, आणि इजेक्टरचं, म्हणजे काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाचं, टोक थेट प्रायमरवर येऊ शकतं. तेवढ्यात स्लाइडचा जोर लागला तर काडतूस चेंबरबाहेर, हातातच फुटतं. नळीने वेढलेलं नसल्यामुळे पितळेचे तुकडे सैरावैरा उडतात. माणसांचे तळहात असे फाटलेले आहेत. म्हणून मी खाली जाड कापडी चटई पसरते आणि काडतूस पडू देते. पडलं की उचलून पुसायचं, गोळी सरळ आहे ना, टोक चेपलेलं नाही ना, पुंगळीच्या बैठकीच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने (काडतूस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरखडा काढून पितळ उचललेलं नाही ना, हे उजेडात फिरवून बघायचं. त्या कडेला नखाला लागेल अशी खरबरीत धार आली असेल तर तेही बाद. अशी धार पुढच्या वेळी एक्स्ट्रॅक्टरखाली अडकते.

भरताना काही जण रॅम्पचा धक्का टाळण्यासाठी काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये सोडतात आणि त्यावर स्लाइड सोडतात. गोळी वाचते खरी, पण बहुतेक पिस्तुलांत काडतुसाची कड खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात जाईल अशी रचना असते. थेट टाकलं की आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते, आणि तो आज ना उद्या झिजतो किंवा तुटतो. स्लाइड हाताने धरून हळूच पुढे नेण्यातही अर्थ नाही. ती पूर्ण बंद होईलच असं नसतं. काडतूस मॅगझीनमधूनच जाऊ द्यायचं आणि स्लाइड पूर्ण जोराने सोडायची. धक्का टाळायचा असेल तर भरण्याच्या वेळा कमी करायच्या.

साठवणीत गुंतागुंत फार नाही. कोरडी, गार, अंधारी जागा, पिस्तुलापासून वेगळं कुलूप. काडतुसं मूळ पेटीतच, कारण उत्पादनाचा क्रमांक त्या पेटीवरच असतो. कंपनीने एखादा साठा परत मागवला तर तो आपल्याकडे आहे का, हे त्यावरूनच कळतं. सोबत सिलिका जेलची पुडी, आणि बाळगण्याचं व सरावाचं कधीही एकत्र करायचं नाही. बंद गाडीत उन्हात ठेवू नये. चामड्याच्या पट्ट्यातल्या खोबणींत तर मुळीच नको. कमावलेल्या चामड्यातले टॅनिन आणि शिल्लक आम्लं पितळावर हिरवट थर आणतात. अंगाजवळ असलेल्या काडतुसावर घाम आणि दमटपणाही बसतो, म्हणून अधूनमधून मॅगझीन पूर्ण रिकामी करून सगळी काडतुसं कोरड्या फडक्याने पुसायची. कोरड्याच. पिस्तुलाला तेल दिल्यावर हात धुऊनच काडतुसांना हात लावावा, कारण झिरपणारं तेल प्रायमरच्या कडेने आत गेलं तर प्रायमर निकामी होऊ शकतो. काळवंडलेलं काडतूस पॉलिशने चमकवत बसू नये.

राहतात ती बाद काडतुसं. ज्यांचं माप शाबूत आहे पण ठिपके भरले आहेत, ती मी पुढच्या सरावात झाडते, आणि त्यांनाच सगळ्यात आधी झाडते. त्यातून आपली बाळगण्याची काडतुसं आपल्या पिस्तुलात कशी चालतात तेही कळत राहतं. सरावात चाप ओढल्यावर नुसता खट्‌ आवाज आला, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबते. प्रायमर उशिरा पेट घेऊ शकतो, आणि तेवढ्यात स्लाइड उघडली तर काडतूस बाहेर फुटेल. मगच ते काढून रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकायचं, पुन्हा चेंबरमध्ये घालून बघायचं नाही.

ज्यांची गोळी आत सरकली आहे ती मात्र झाडायचीच नाहीत. ती पक्कडने ओढून लांबी पूर्ववत करण्याचा सल्ला मी ऐकला आहे. तसं करू नये. पकड एकदा ढिली झाली की पुढच्याच धक्क्याला गोळी पुन्हा आत जाते, आणि जिवंत काडतुसावर पक्कड चालवणं हाच मुळात धोका आहे. ठोकू नये, कचऱ्यात टाकू नये. मी अशी काडतुसं वेगळ्या डबीत, वर ‘झाडू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवते आणि आर्मररकडे जाते तेव्हा मोजून त्यांच्या हवाली करते. ते आपल्या नोंदवहीत आकडा लिहितात, मी सही करते, आणि तेवढीच नवी काडतुसं माप घेऊन मॅगझीनमध्ये जातात.